ट्राजनच्या उंटवाल्या नाण्याच्या कडेला तांबं दिसतंय. मला फसवलं का?

तुम्ही लिलावात ‘चांदीचं’ म्हणून घेतलेल्या नाण्याच्या कडेला तांबूस डाग दिसतोय आणि मित्र म्हणतो ते नकली आहे. असेलही. पण नकली कुणी केलं आणि कधी? रोमन बादशहा ट्राजनच्याच काळातल्या एखाद्या भामट्यानं केलं असेल, तर माझ्या लेखी ते अस्सल जुनं नाणं. अशी खोटी नाणी मी मुद्दाम शोधून घेतो.

वर्णनावरून तुमचं नाणं रोमच्या अरेबिया प्रांताचं द्राख्मा, म्हणजे ग्रीक पद्धतीचं चांदीचं नाणं. ट्राजननं इ.स. 106 मध्ये नबातियन राज्य (आजच्या जॉर्डनच्या आसपासचं) खालसा केलं आणि थोड्याच वर्षांत ही ग्रीक अक्षरांची नाणी आली: उभी बाई, हातात फांदी, पायाशी इवलासा उंट. यातली बरीच नाणी नबातियन राजांच्या जुन्या नाण्यांवरच नवा ठसा मारून पाडलेली आहेत. त्यामुळे ट्राजनच्या गालावर भलत्याच रेघा किंवा परक्या अक्षरांचे तुकडे दिसले तर घाबरू नका. ते उलट नाण्याच्या बाजूनंच बोलतात.

आता तांब्याकडे येऊ. ही चांदी मुळातच हिणकस, म्हणजे नुसता तांबूसपणा हा पुरावा नाही. दहापट भिंग घ्या आणि डागाची किनार बघा. मिश्र धातूत रंग हळूहळू बदलतो, हद्द सापडत नाही. मुलाम्याच्या नाण्यात मात्र पायरी दिसते: वर चांदीचं कातडं, ते फाटलंय, खाली लाल किंवा हिरवं तांबं. कुठे फोड आलेले दिसतील, कारण आतलं तांबं गंजून फुगतं आणि चांदीला उचलतं.

संग्राहक याला ‘फुरे’ म्हणतात, फ्रेंच शब्द आहे, अर्थ आत भरलेलं. आपल्या करंजीसारखं, फक्त सारण तांब्याचं. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा गुंडाळायचा आणि तापवायचं. चांदी नि तांबं एकमेकांना भिडलेली असली की तो सांधा 780 अंश सेल्सियसच्या आसपासच वितळतो, दोन्ही धातू सुटे असताना लागते त्यापेक्षा बऱ्याच कमी आचेवर. म्हणजे वेगळा डाख लागतच नाही. मग ठसा मारायचा. पत्रा सर्वात आधी कडेला आणि उंचवट्यांवर, नाक-केसांवर फाटतो. तुमचा डाग कडेलाच आहे, म्हणून मला फुरेचा संशय येतोय.

पाण्यात तोलून घनता काढा असा सल्ला कुणी देईल. या नाण्यासाठी तो फोल आहे. निम्मी चांदी धरली तर घनता साधारण 9.7, शुद्ध तांब्याची 8.96. तीन ग्रॅमच्या नाण्यात सांडणाऱ्या पाण्याचा फरक जेमतेम 0.02 ग्रॅम. घरचा काटा तेवढा तर सहज चुकतो.

अक्षरं मात्र जरूर वाचा. खोटं पाडणाऱ्याला ग्रीक येतच असे असं नाही; अक्षरं उलटी, गाळलेली, किंवा एका बादशहाच्या चेहऱ्यामागे दुसऱ्याच्या काळची मागची बाजू. आजकालचा नकली माल वेगळा ओळखू येतो. ओतीव असेल तर अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, पृष्ठभागावर टाचणीएवढी भोकं, कडेला कानशीनं घासून लपवलेला सांधा. तांब्याचं पोट भरायच्या भानगडीत आजचा भामटा सहसा पडत नाही.

प्रत्येक तांबूस प्रांतिक नाण्यावर संशय घेऊ नका, एवढं मात्र नक्की. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे टेट्राद्राख्म (चार द्राख्म्यांचं एक नाणं) ट्राजनच्या आधीच्या नीरो बादशहाच्या काळीच कमअस्सल होते, पुढे डायोक्लेशियन बादशहापर्यंत त्यांत चांदी नावापुरती उरली. ती सरकारी टांकसाळीचीच नाणी. माझं पहिलं नाणं तसलंच होतं. ‘नकली दिसतंय, जरा साफ करून बघू’ म्हणून मी ते रात्रभर लिंबाच्या रसात ठेवलं. सकाळी गुलाबी स्पंज हातात आला.

विक्रेत्यानं नुसतं ‘चांदी’ लिहिलं असेल आणि ते फुरे निघालं, तर परत करायचा तुम्हाला हक्क आहे, बिनधास्त मागा. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही. भारतात असाल तर लक्षात ठेवा, शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर पाठवायला 1972 च्या कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे परत करायचा विचार असेल तर आधी नीट चौकशी करा.

कडेचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि इथे टाका, फ्लॅश नको. वजनही लिहा. आणि तोवर लिंबाला हात लावू नका.