आधी कळी उघडून बघा

प्रश्न : ताई, माझ्याकडे कुंडीत दोन जास्वंदी आहेत. एक लाल एकेरी, एक पिवळी दुहेरी. लालला जवळजवळ रोज फूल असतं. पिवळीला कळ्या भरपूर लागतात, पण करंगळीच्या पेराएवढ्या झाल्या की पिवळ्या पडून गळतात. दोनदा बोनमील (हाडांची भुकटी) घातलं, काही फरक नाही. आता काय घालू?

उत्तर : आता काहीही घालू नका. आज गळलेली एक कळी उचला, ब्लेडने उभी चिरा आणि उजेडात धरून पाकळ्या एकेक सोडवा. आत दोनेक मिलिमीटरच्या पांढरट-पिवळसर अळ्या वळवळताना दिसतील, असा माझा दाट संशय आहे. डासाहून लहान अशा एका माशीच्या त्या अळ्या. माशी कळीच्या टोकाशी अंडी घालते, अळ्या आतला कोवळा भाग खातात, कळी गळली की त्या बाहेर पडून मातीत शिरतात आणि तिथे कोषात जातात. हे चक्र साधारण तीन-चार आठवड्यांचं. म्हणजे कुंडीत पडून राहिलेली प्रत्येक कळी पुढची पिढी पोसत असते.

माझ्या पिवळ्या जास्वंदीने दीड वर्ष हेच केलं. मीही खतं बदलत राहिले, कळी उघडून बघायचं सुचलंच नाही. शेवटी झाडावरच्या सगळ्या कळ्या खुडल्या, अगदी मोहरीएवढ्यासुद्धा. फार जिवावर आलं होतं. नंतर महिनाभर रोज सकाळी कुंडी झाडून पडलेलं सगळं पिशवीत गच्च बांधून टाकत होते. कंपोस्टमध्ये ते अजिबात टाकू नका. त्यानंतर पहिलं फूल उमललं, तेव्हा मी त्याच्यासमोर बराच वेळ बसून होते. एकच दिवस टिकतं ते.

अळ्या दिसल्या नाहीत, तर दोष बहुधा पाण्याचा. माती एकदा कोरडी ठणठणीत आणि एकदा चिखल असं झालं की दुहेरी जात लगेच कळ्या टाकते. एकेरी बरीच सोसते. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि द्याल तेव्हा तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या. कळ्या असताना कुंडीची जागाही बदलू नका.

बोनमीलबद्दल मला स्पष्ट सांगायला हवं. त्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असतं आणि जास्वंदीला ते थोडंच लागतं. फार साठलं तर मुळांना लोह घेता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिला हवं नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅशियम). मुरलेलं शेणखत महिन्यातून दोन मुठी, आणि पाच-सहा तास थेट ऊन.

प्रश्न : छाटलेल्या फांद्यांपासून रोप होईल का? छाटणीची तर भीतीच वाटते.

उत्तर : होईल, आणि भीती सोडा. जास्वंदीला फूल नव्या फुटीवरच येतं, त्यामुळे न छाटलेलं झाड उंच होतं आणि शेंड्यालाच चार फुलं दाखवतं. एक तृतीयांश छाटा, बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या जागेच्या) थोडं वर, तिरका काप देऊन. फक्त कडक थंडीत हात लावू नका.

रोपासाठी पेन्सिलीएवढी जाड, अर्धवट पिकलेली फांदी घ्या. हिरवीगार कुजते, जुनी लाकडी फार वेळ घेते. पाच-सहा इंचांचा तुकडा, वरची दोन पानं ठेवून तीही अर्धी कापा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वाळू सारखी मिसळून त्यात दोन डोळे गाडले जातील असा खोचा आणि सावलीत ठेवा. चार ते सहा आठवड्यांत मुळं येतात. मधूनच उपटून बघू नका, कोवळी मुळं तुटतात. नवं पान उलगडून वाढायला लागलं की समजा, खाली बहुधा काम सुरू झालंय.