प्रतिकृती नव्हे, आद्यरूप. आणि मॅग्नेट्रॉनमधला ‘त्र’

प्रश्न : लढाऊ विमानांतल्या सुरुवातीच्या रडारविषयी वाचताना ‘मॅग्नेट्रॉनची पहिली प्रतिकृती’ असा प्रयोग आढळला. प्रोटोटाइपला प्रतिकृती म्हणणं बरोबर आहे का? आणि मॅग्नेट्रॉनसाठी ‘चुंबकनळी’ चालेल का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’. (मॅग्नेट्रॉन म्हणजे रडारसाठी सूक्ष्मलहरी उत्पन्न करणारी निर्वात नळी.)

प्रतिकृती कशाची तरी असते. मूळ वस्तू आधी, प्रतिकृती मागाहून. ‘पहिली प्रतिकृती’ म्हणजे पहिली नक्कल. प्रोटोटाइप नेमका उलट टोकाला, सगळ्यांच्या आधी. तरी क्षेपणास्त्र असो की विमान, बातमीत हटकून प्रतिकृतीच ‘तयार’ होते! आद्यरूप म्हणा, नाहीतर सरळ ‘पहिला नमुना’ म्हणा. दोन्ही शब्द मराठीत आहेत, दोन्ही कळतात.

तुम्ही निवडलेल्या उदाहरणात तर हा फरक ढळढळीत दिसतो. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या भौतिकशास्त्रज्ञांनी सहा पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन चालवला. त्यावरून वेंब्लीच्या जीईसी या कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक मेगॉ यांनी विमानात नेता येतील असे नग घडवले. त्यांतला एक त्याच वर्षी ब्रिटनच्या टिझर्ड या वैज्ञानिक शिष्टमंडळाबरोबर अमेरिकेला गेला. बेल लॅबोरेटरीजमध्ये त्याचा एक्स-रे काढला, तर आत पोकळ्या आठ, आणि सोबतच्या आराखड्यात सहा! मेगॉ यांना विचारल्यावर उलगडा झाला : बारा नगांपैकी पहिले दहा सहा पोकळ्यांचे, अकरावा सातांचा, बारावा आठांचा. गेला होता तो बारावा. अमेरिकनांनी आठ पोकळ्यांबरहुकूम नग बनवले. त्या झाल्या प्रतिकृती. बारावा नग आद्यरूप.

लढाऊ विमानाला याचं एवढं महत्त्व का, तर आधीच्या ‘एआय मार्क ४’ या विमानातल्या रडारसंचाची तरंगलांबी दीड मीटर होती. लहरी चहूकडे फाकत आणि जमिनीवरून उलटणारा प्रतिध्वनी पडदा व्यापून टाकी, त्यामुळे विमान जितक्या उंचीवर तितकाच रडारचा पल्ला. मॅग्नेट्रॉनने तरंगलांबी दहा सेंटीमीटरच्या आसपास आणली, आणि अरुंद झोत टाकणारी तबकडी ब्यूफायटर या लढाऊ विमानाच्या नाकात मावली.

आता खरी गंमत, ‘ट्रॉन’. ‘चुंबकनळी’ मला मान्य नाही, कारण तिने हा प्रत्यय मारला जातो, आणि प्रत्यय तर आपल्या घरचा आहे. ग्रीकमध्ये ‘-त्रॉन’ हा साधनवाचक प्रत्यय : ‘आरोत्रॉन’ म्हणजे नांगरण्याचं साधन, नांगर. संस्कृतात त्याचा सख्खा भाऊ ‘-त्र’. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘अर्तिलूधूसूखनसहचर इत्रः’. त्यातून खणायचं ते खनित्र, कापायचं ते लवित्र, वल्हवायचं ते अरित्र. शेजारच्याच सूत्रातून शस्त्र, नेत्र (जे नेतं ते!) आणि पत्र, म्हणजे मुळात उडण्याचं साधन, पंख. मराठीने हा प्रत्यय विजेच्या युगातही जिवंत ठेवला आहे : जन् पासून जनित्र, रुह् पासून रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. रडारच्या प्रक्षेपकात रोहित्र विजेचा उच्च दाबाचा स्पंद (पल्स) पुरवतं आणि मॅग्नेट्रॉन त्या स्पंदाच्या जोरावर सूक्ष्मलहरी उत्पन्न करतो. एकाच प्रत्ययाची दोन भावंडं एकाच पेटीत नांदतात. असा शब्द मिळाला असताना त्याची ‘नळी’ का करायची?

काही इंग्रजी कोश म्हणतात, हा ‘ट्रॉन’ म्हणजे ‘इलेक्ट्रॉन’चं तुटलेलं शेपूट. मला हे साफ चुकीचं वाटतं. भौतिकशास्त्रज्ञ स्टोनी यांनी १८९१ मध्ये ‘इलेक्ट्रॉन’ घडवला तो ‘इलेक्ट्रिक’ला ‘आयन’मधला ‘ऑन’ जोडून. त्यात ‘ट्रॉन’ असा तुकडाच नाही. उलट जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी निर्वात नळीला ‘केनोट्रॉन’ म्हटलं, ते ग्रीक ‘केनॉस’, म्हणजे रिकामा, आणि साधनवाचक ‘त्रॉन’ यांवरून. त्याच प्रयोगशाळेतल्या हल यांनी १९२१ मध्ये ‘मॅग्नेट्रॉन’ रूढ केला. (त्या मॅग्नेट्रॉनला पोकळ्या नव्हत्या, नाव मात्र तेच टिकलं.) इतका सरळ वंशवृक्ष समोर असताना शेपटाची उपपत्ती मांडणाऱ्यांनी ‘केनोट्रॉन’कडे पाहिलंच नाही, असं म्हणावं लागतं.

आणि ‘क्लायस्ट्रॉन’, सूक्ष्मलहरींचीच दुसरी निर्वात नळी? दहा सेंटीमीटरच्या रडारच्या ग्राहक भागात हीच नळी लहान रूपात बसे. तिचं नाव सुचवलं स्टॅनफर्डचे अभिजात भाषांचे प्राध्यापक हेरमान फ्रेंकल यांनी : ‘क्लायझो’, लाटांचं किनाऱ्यावर आपटणं, अधिक ‘त्रॉन’. इथे मात्र ‘त्रॉन’चा अर्थ क्रिया घडण्याची जागा असा सांगतात, जसा ‘थेआत्रॉन’मध्ये, पाहण्याची जागा, म्हणजे थिएटर. संस्कृतातही तसंच आहे : क्षि म्हणजे राहणे, आणि राहण्याची जागा ती क्षेत्र. तेव्हा माझ्या मते मॅग्नेट्रॉनचं गोत्र खनित्राचं, क्लायस्ट्रॉनचं क्षेत्राचं.