‘क्रॅम्पॉन कंपॅटिबल’ या दोन शब्दांवर बूट घेऊ नका

थांबा, पैसे भरू नका अजून.

सह्याद्रीत बारा महिने, मे महिन्यात मनालीचं फ्रेंडशिप शिखर, पुढच्या जानेवारीत स्पितीत गोठलेल्या धबधब्यांवर थोडं आइस क्लाइंबिंग, आणि हे सगळं पंचवीस हजारांच्या एका जोडीत भागवायचं, तर कुठला बूट घेऊ, असं तुम्ही विचारलंय. शिवाय पसंत पडलेल्या बुटाच्या माहितीत ‘क्रॅम्पॉन कंपॅटिबल’ असं लिहिलंय, म्हणजे क्रॅम्पॉन (बर्फात पकड मिळावी म्हणून बुटाखाली बसवायचा धातूच्या दातांचा सांगाडा) त्यावर बसतं, म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. सहा वर्षांपूर्वी मीही असाच निर्धास्त होतो.

आधीच सांगतो, मी इन्स्ट्रक्टर नाही. गिर्यारोहणाचा एक बेसिक कोर्स, हिमालयात पाच-सहा फेऱ्या आणि दोन हिवाळे बर्फावर हातपाय मारलेले, एवढीच माझी पुंजी. वजन ऐंशीच्या घरात, पाय बदकासारखे रुंद. तुमचे पाय वेगळे असतील, तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या. बूट वॉटरप्रूफ हवा, घोट्याच्या वर हवा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो.

बूट किती कडक ते बी-१ ते बी-३ अशा आकड्यांनी सांगतात, आणि क्रॅम्पॉनचे प्रकार सी-१ ते सी-३ असे. माझा बूट बी-१ होता. म्हणजे चालायला मस्त, सोल जरासा वाकणारा, आणि टाच मागून गुळगुळीत गोल. अशा बुटावर सी-१ क्रॅम्पॉन बसतं, पुढे-मागे प्लास्टिकची लवचीक कडी आणि पट्टे असलेलं. सी-२ ला मागे एक खटका असतो, आणि तो अडकायला बुटाच्या टाचेवर कडक खोबण लागते. ती बी-२ पासून पुढेच मिळते. सी-३ ला पुढच्या बाजूला तार असते, म्हणून खोबण पुढेही लागते, तो बी-३. थोडक्यात, बुटाचा आकडा क्रॅम्पॉनच्या आकड्यापेक्षा कमी नको. हे एक वाक्य मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर!

सांगायला हवं होतं ते ज्यांच्याबरोबर फ्रेंडशिपला गेलो त्या ट्रेक कंपनीने. मी निघायच्या आधी दोनदा फोन करून विचारलं होतं. उत्तर ठरलेलं, “सर, क्रॅम्पॉन आम्ही देतो, ट्रेकिंगचा कुठलाही चांगला बूट चालतो.” बेस कँपला पोत्यातून काढून हातात ठेवलं ते सी-२. खटका माझ्या टाचेच्या रबरावर दाबून बसवला की बसल्यासारखा वाटायचा. मदतनीस पोराने वरून नायलॉनची पट्टी आवळून दिली. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, त्याच्याकडे दुसरं होतंच काय.

रात्री निघालो. भुसभुशीत बर्फ होता तोवर सगळं ठीक. पहाटेच्या आधी उतार कडक झाला, आडवं जायला लागलो, आणि उजव्या पायाचं क्रॅम्पॉन निघून घोट्याच्या पट्ट्याला लोंबकळायला लागलं. बसून पुन्हा घातलं. वीस-पंचवीस पावलांवर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा निघालं तेव्हा गाईडने टॉर्च माझ्या टाचेवर मारला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, “आप यहीं से नीचे.” मला त्याचा राग आला नाही. ५,२८९ मीटरचं फ्रेंडशिप शिखर समोर दिसत होतं आणि मी खाली चाललो होतो.

परत आल्यावर मेल केली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की सामानाच्या यादीत ‘योग्य बूट’ असं स्पष्ट लिहिलं होतं. वर पुढच्या ट्रेकसाठी सवलतीचं कूपन! ते अजून इनबॉक्समध्ये पडलंय, कुणाला हवं असेल तर सांगा. पण खरं बोलायचं तर गाढवपणा माझाही होताच. बूट आणि क्रॅम्पॉन यांची पहिली गाठ बेस कँपला पडली. बूट दोन महिने घरात होता, ओळखीच्या क्लबमधून सी-२ मागून एकदा लावून बघितलं असतं तर पुण्यातच कळलं असतं.

तेव्हा पैसे भरण्याआधी क्रॅम्पॉन हातात घ्या, बुटाच्या लांबीला जुळवा, खटका लावा, पण पट्टा बांधू नका. बूट उलटा धरून जोरात झटका. क्रॅम्पॉन तरीही घट्ट राहिलं पाहिजे, पट्टा फक्त खबरदारीला असतो. दुकानदार नको म्हणाला तर दुकान बदला.

माझ्या मते तुम्ही बी-२ घ्या. बी-३ घ्या म्हणणारे भेटतील, आणि उभ्या बर्फावर त्यांचं म्हणणं खरंही आहे. क्रॅम्पॉनच्या पुढच्या दातांवर उभं राहायचं तर सोल जितका कडक तितकी पोटरी कमी भरते. पण फ्रेंडशिपसाठी मनालीजवळच्या सोलांगपासून वर चालत जाताना तोच बी-३ नडगी सोलतो. हलक्या आइस क्लाइंबिंगला बी-२ पुरतो, मी चालवलाय. फक्त जानेवारीत स्पितीला बिलेवर, म्हणजे चढणाऱ्या जोडीदाराचा दोर सांभाळत, तासभर उभं राहायचं असतं आणि पारा उणे वीसच्या खाली जातो. तिथे डबल बूट (आत वेगळा उबदार बूट असलेला) भाड्याने घ्या. बोटं गेली तर परत येत नाहीत. एकावर एक मोजे चढवून बूट आवळणं हा उपाय नाही, रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतो.

आणि सह्याद्री यातून वगळाच. ओल्या कातळावर कडक सोलचा बूट साबणासारखा सरकतो. तिथे आपले हंटर शूज किंवा साधे ट्रेकिंग शूज बरे. महागड्या बुटाचं रबर राजगडच्या वाटेवर कशाला झिजवायचं?

माप संध्याकाळी घ्या, पाय सुजलेले असताना, मोहिमेचेच मोजे घालून. नाडी बांधून भिंतीला चार लाथा घाला. बोटं पुढे आपटली तर बूट लहान, टाच उचलली गेली तर आकार तुमच्या पायाचा नाही, मग कितीही सवलत असो.

जुनी जोडी घेत असाल तर आणखी एक. सोलमधला पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लास्टिकचा) थर दमट हवेत नुसता ठेवूनही कुजतो. माझ्या डोंबिवलीच्या मित्राचा माळ्यावर ठेवलेला, जेमतेम वापरलेला बूट पहिल्याच चढावर खारीच्या बिस्किटासारखा भुगा झाला. अंगठ्याने दाबून बघा, भेगा दिसल्या तर फुकटही नको.

तुम्ही पसंत केलेल्या बुटाचा टाचेच्या बाजूने फोटो टाका, खोबण आहे की नाही ते बघून सांगतो.