स्विफ्टची टायमिंग चेन घरी बदलता येते का? टेन्शनर (चेन ताठ ठेवणारा भाग) जुनाच ठेवून चालेल का? आणि चेनचा ताण किती ठेवायचा?

हो, १.२ पेट्रोलची चेन घरी बदलता येते. पण 'टेन्शनर बरा आहे, नुसती चेन टाका' हा जो सल्ला तुम्हाला मिळालाय, तो आधी डोक्यातून काढा. पन्नास ठिकाणी हेच ऐकायला मिळतं आणि ते चूक आहे.

चेन 'ताणली' जाते म्हणजे तिच्या पिना आणि सांधे झिजतात. प्रत्येक कडीत केसभर ढिलाई, आणि सगळ्या कड्यांची बेरीज. त्या लांबलेल्या चेननं स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकांचे, दातही खाल्लेले असतात. नवी चेन त्याच दातांवर चढवली की तीही लवकर जाते. चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड (चेन ज्यांवर घसरते त्या पट्ट्या), स्प्रॉकेट आणि क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं ऑइल सील एकदमच घ्या.

ताण किती ठेवायचा, हे विचारलंत. तो हातानं द्यायचाच नसतो. टेन्शनरचा प्लंजर (आतबाहेर सरकणारा दट्ट्या) स्प्रिंग आणि ऑइलच्या दाबावर चालतो. तो आत दाबून भोकात बारीक पिन घालायची, टेन्शनर बसवायचा, चेनच्या रंगीत कड्या आणि स्प्रॉकेटवरच्या सगळ्या खुणा जुळल्यावरच पिन ओढायची. चेन चढवताना सैलपणा फक्त टेन्शनरच्या बाजूला असू द्या. पक्क्या गाइडकडची बाजू ताठच हवी. इथेच लोक एक दात चुकतात.

मग क्रँक घड्याळाच्या दिशेनं पूर्ण दोन फेरे हातानं फिरवा. उलटा कधीच नाही, ढिलाई दुसऱ्या बाजूला जाऊन चेन दात सोडते. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका, तिथे व्हॉल्व्ह पिस्टनला भिडलेला असू शकतो. दोन फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटच्या खुणा जुळल्या पाहिजेत. रंगीत कड्या जुळणार नाहीत, त्यांना परत त्या जागी यायला बरेच फेरे लागतात. ते बघून घाबरून पुन्हा उघडू नका.

इंजिनचं माउंट (इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार) काढण्याआधी इंजिन वरून टांगून घ्या. खालून चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला) जॅक लावलात आणि चेंबर उतरवायची वेळ आली, तर अडकाल. क्रँक पुलीचा बोल्ट स्टार्टर मारून सोडवणं हा अडाणीपणा आहे. लांब दांडा लावा, गाडी पाचव्या गिअरमध्ये टाका आणि कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा.

चेनच्या कव्हरला गळती रोखणारं सिलिकॉन लावताना हात आवरा. जास्तीचं सिलिकॉन आत गळून ऑइलच्या जाळीवर बसतं, ऑइलचा दाब कमी होतो, टेन्शनर सैलावतो आणि खडखड परत सुरू होते. मग दोष नव्या चेनला!

हे सगळं टॉर्क रेंच आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असेल तरच. बोल्टचे आकडे तिथूनच घ्या. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड हवेतच.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून थोडा स्टार्टर मारा, म्हणजे टेन्शनरपर्यंत ऑइल पोचतं. फ्यूज लावून सुरू केल्यावर काही सेकंद खडखड झाली तर चालेल. त्यापुढेही थांबली नाही तर लगेच बंद करा आणि आधी ऑइलचा दाब मोजा.