नाशिकच्या थंडीत बॉडी फॅट मशीन पहाटे 27 टक्के दाखवतं, व्यायामानंतर 24. तासाभरात चरबी उतरते का?

नाही, चरबी तेवढीच आहे. बदललाय तो शरीराचा विद्युतरोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. मशीन तळपायांतून साधारण 50 किलोहर्ट्झचा, एक मिलिअँपिअरहून कमी प्रवाह सोडतं आणि रोधावरून आधी शरीरातलं पाणी, मग चरबीचा हिशोब लावतं. चरबी थेट मोजतच नाही. पहाटे गारठलेल्या पायांत रक्तपुरवठा कमी, त्वचा थंड. रोध जास्त, म्हणून मशीनच्या हिशोबात पाणी कमी आणि 'चरबी' जास्त. व्यायामाने त्वचा तापते, तळवे घामेजतात, रोध उतरतो. मात्र खूप घाम जाऊन पाणी प्यायलं नसेल, तर अंग निवल्यावर उलटंही होतं. भेगाळलेल्या, कोरड्या टाचाही आकडा फुगवतात. रोज एकाच वेळी, उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, पाय कोमट पाण्याने धुऊन-पुसून मोजा. पेसमेकर असेल तर मशीनवर चढूच नका.