कार्ट विकू नका, आधी ती वही वाचा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. अकरावीत ६८ टक्के. दर रविवारी गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर असतो. कधी रॅली म्हणतो, कधी फॉर्म्युला, कधी टूरिंग कार. विचारलं की मार्क डॉनह्यू नावाच्या अमेरिकन रेसरचं नाव पुढे करतो, 'तो इंजिनिअरही होता' म्हणतो. मला हे 'एक ना धड, भाराभर चिंध्या' वाटतं. सीईटीत ९५ पर्सेंटाइल आले नाहीत तर कार्ट विकणार, असं बजावलं आहे. अभ्यासाच्या वह्या कोऱ्या आणि कार्टच्या नोंदींची ही एक भरलेली. तिच्या एका पानाचा फोटो सोबत आहे. त्याला दोन शब्द समजावून सांगा.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मुलाच्या ६८ टक्क्यांनी माझी झोप उडाली नाही. 'विकणार' या शब्दाने मात्र अस्वस्थ केलं. असं बजावल्यावर मुलगा पेपरला बसतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर गणित नसतं, कार्ट असते. शिवाय अशा धमकीने मुलं ट्रॅकवर जायची थांबत नाहीत, घरी सांगायची थांबतात. हेल्मेट, मार्शल आणि कुंपण असलेला ट्रॅक तुटला की हीच मुलं रात्री हायवेवर वेग काढतात. तुम्हाला भीती अपघाताची असेल, तर कार्ट विकून तो धोका वाढेल.

आता ते पान. तुम्ही तक्रारीचा पुरावा म्हणून पाठवलंत, मी तीनदा वाचलं. 'मागचे टायर थंड १२, गरम १६. स्प्रॉकेट एक दात मोठा. लॅप ०.३ ने कमी.' हवेचं तापमान २५ आणि टायरचं ७० अंश धरा. हे १२ म्हणजे पीएसआय, हवेचा दाब मोजायचं एकक. त्यात वातावरणाचा दाब १४.७ मिळवा, तापमान केल्विनमध्ये घ्या, २९८ आणि ३४३. गुणोत्तर लावून १४.७ वजा केले की उत्तर १६ येतं. हा अकरावीच्या फिजिक्सचा वायू नियम आहे आणि मुलाने तो हाताने मोजला आहे. पुस्तकातल्या त्या धड्याशी याचा संबंध आहे, हे त्याला बहुधा कोणी दाखवलेलं नाही.

त्या पानावर एक चूकही आहे. त्याने टायरमध्ये भरायचा दाबही एकाच वेळी बदलला आणि स्प्रॉकेटही, म्हणजे चेनचं दातेरी चाक. मग ०.३ सेकंद कशामुळे मिळाले? कळायला मार्ग नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि शेवटी मूळ सेटिंगवर परत येऊन पुन्हा वेळ घ्यायची. कारण दिवसभरात ट्रॅकवर रबर बसतं, पकड वाढते, आणि काहीही न बदलता लॅप सुधारतो.

डॉनह्यूचं खरं काम हेच होतं. १९५९मध्ये ब्राउन विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झालेला हा माणूस हौशी रेसिंगमधून वर आला आणि रॉजर पेन्स्की या संघमालकाच्या संघात गाडी चालवायचा तशीच ती तयारही करायचा. ट्रान्स-अ‍ॅम ही टूरिंग गाड्यांची मालिका त्याने १९६८, १९६९ आणि १९७१मध्ये जिंकली. १९७१ला कॅनडातल्या मोसपोर्टमध्ये पहिल्याच फॉर्म्युला वन शर्यतीत तिसरा आला. १९७२ला इंडियानापोलिस ५०० ही पाचशे मैलांची शर्यत, जानेवारी १९७३ला रिव्हरसाइडला नॅस्कारची स्टॉक कार शर्यत, त्याच वर्षी पोर्शे ९१७/३० घेऊन स्पोर्ट्स गाड्यांच्या कॅन-अ‍ॅमचं विजेतेपद. ती पोर्शे म्हणजे हजारहून जास्त अश्वशक्तीचं टर्बो इंजिन. आधीच्या ९१७/१०मध्ये पेडल दाबलं की क्षणभर काहीच नाही आणि मग सगळी ताकद एकदम. वळणात अशी गाडी चालवणं फार अवघड. डॉनह्यू जर्मनीला जाऊन इंजिनिअरांबरोबर बसला आणि अर्ध्या पेडलवर इंधन किती जावं, हे त्यांच्याकडून नीट करून घेतलं.

म्हणून 'चिंध्या' हा तुमचा गैरसमज आहे. गाड्या पाच प्रकारच्या, पण पद्धत एकच होती. गोल आखलेल्या मैदानावर गाडी फिरवत राहायची, वेग मोजायचा, एक भाग बदलायचा, पुन्हा मोजायचं. ज्याला हे जमतं त्याला गाडी बदलली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तुमचा मुलगा रॅली आणि फॉर्म्युला दोन्ही म्हणतो याने घाबरू नका. तो दोन्हीकडे वही नेतो का, ते बघा.

आता मुलासाठी. डॉनह्यूचं नाव घ्यायचं तर पूर्ण घे. ऑगस्ट १९७५मध्ये अमेरिकेतल्या टॅलाडेगा ट्रॅकवर ताशी सुमारे ३५६ किलोमीटरचा विक्रम केल्यावर दहा दिवसांनी तो वारला. ऑस्ट्रियात सरावात टायर फुटला होता. सुरुवातीला बरा वाटला, मग डोक्यातल्या रक्तस्रावाने गेला. वय ३८. आणि ड्रायव्हरची सीट बहुतेकदा पैसे किंवा प्रायोजक घेऊन येणाऱ्याला मिळते. तुझ्या वहीवरून तू चांगला ड्रायव्हर होशील का, हे मला सांगता येत नाही. गाडी नीट करणारा इंजिनिअर होशील, हे दिसतं.

सीईटी आणि जेईई मेन दोन्ही द्यावी, त्यात नवं सांगण्यासारखं काही नाही. कॉलेज निवडताना मात्र पर्सेंटाइलच्या यादीआधी वर्कशॉप बघा. फॉर्म्युला भारत किंवा सुप्रासारख्या, विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेला त्यांची गाडी जाते का? गेली तर शर्यत पूर्ण केली का? दुसऱ्या वर्षाच्या मुलाला वेल्डिंगला हात लावू देतात का? प्रवेशाआधी संघातल्या मुलांना भेटून हे विचारा.

परीक्षेपर्यंत महिन्यातले दोन रविवार ट्रॅक, बाकीचे अभ्यास, असं त्याच्याशी बसून ठरवा आणि विकण्याची भाषा मागे घ्या. त्याला एक चांगला प्रेशर गेज घेऊन द्या; दर वेळी तोच वापरू दे, नाहीतर आकडे जुळणार नाहीत. पुढचं पत्र त्यालाच लिहायला सांगा, सोबत एकच बदल केलेलं एक पान जोडून.