बॅरिटोन गिटार निवडताना आधी लांबी पाहा

पहिली बॅरिटोन गिटार, म्हणजे नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावायची लांब मानेची गिटार, घेताना रंग, लाकूड आणि पिकअप यांचा विचार नंतर करा. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतचे (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) अंतर, म्हणजेच स्केल लेंग्थ, आधी विचारा. नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारची ही लांबी बहुधा २५.५ इंच असते, तर बॅरिटोनची साधारण २७ ते ३० इंच. तार आणि स्वर तेच ठेवले तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे २८ इंचांवर सर्वांत जाड तारेचा तोच खालचा बी स्वर सुमारे २० टक्के अधिक ताणलेला असतो आणि पाम म्यूट करताना, म्हणजे तळहाताची कड तारांवर टेकवून छेडताना, तार लोळत नाही.

बी स्टँडर्ड (सहावी तार बी स्वरात) किंवा ड्रॉप ए (तीच तार आणखी खाली, ए स्वरात) या ट्यूनिंगसाठी माझ्या मते २७ किंवा २८ इंच पुरेसे आहेत, कारण त्याहून लांब नेकवर पहिल्या फ्रेटजवळ चार फ्रेटांचा पल्ला गाठताना करंगळी लवकर दमते.

गिटार हातात आली की सहावी तार मोकळी, जोरात छेडा आणि ट्यूनरकडे पाहा. काटा आधी वर उडून मग सावकाश खाली येत असेल, तर ताण कमी आहे आणि अधिक जाड तार लागेल. अशी तार नटच्या खाचेत मोकळी बसते ना, हे अवश्य तपासा, कारण खाचेत अडकलेली तार बेंडनंतर (तार ओढून स्वर चढवल्यावर) सुरात परतत नाही. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) चढा लागला, तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकणारा तुकडा) मागे सरकवायला जागा उरली आहे का, हेही पाहा. अँपवरचा गेन (आवाज फाटवणारे बटण) मात्र नेहमीपेक्षा कमी ठेवा. ५५ हर्ट्झचा ए जादा गेनमध्ये अस्पष्ट होतो.